बिनआवाजाचा कॉल

पेंटरच्या घरातलं इंटरनेट महिना सरायच्या आत मान टाकायचं. त्याबद्दल पेंटरचा संशय सगळ्या जगावर होता, फक्त स्वतःच्या स्वयंपाकघरावर नव्हता.

सगळे त्याला पेंटरच म्हणायचे. खरं तर त्याच्या हातातला ब्रश सुटून बरीच वर्षं झाली होती. अर्धं आयुष्य त्याने दुकानांच्या पाट्या हाताने रंगवल्या. अक्षर असं की गिऱ्हाईक आत शिरायचं सोडून पाटीकडेच बघत उभं राहायचं. पुढे पाट्या छापणारी यंत्रं आली. बरोबरीचे दोघं-तिघं पेंटर यंत्रांना शिव्या देत बसले आणि बसलेच राहिले. हा मात्र हुशार. याने कॉम्प्युटर घेतला, पुढच्या खोलीत मांडला, आणि पाट्या पडद्यावर काढून छापखान्याला पाठवायला लागला. इंटरनेट घरात आलं ते या कामासाठी.

त्याआधी पाट्यांचं निम्मं काम त्याची बायको करायची. पेंटर अक्षरांच्या कडा आखायचा आणि ती आत रंग भरायची. तिला वाचता येत नव्हतं, त्यामुळे औषधांचं दुकान असो की चपलांचं, तिला सगळं सारखंच. पण रंग कधी रेघेबाहेर गेला नाही. कॉम्प्युटर आल्यावर अख्खं अक्षर एका टिचकीत भरू लागलं, तेव्हा तिचे डबे आणि ब्रश माळ्यावर गेले. तिला त्याचं काय वाटलं हे पेंटरने विचारलं नाही. विचारण्यासारखं काही आहे हेच त्याच्या ध्यानात आलं नाही.

आणि विचारलं असतं तरी कसं, हाही प्रश्नच होता. ती आणि तिची थोरली बहीण, दोघींना जन्मापासून ऐकू येत नव्हतं. ‘पोरींना ऐकू येत नाही तर शाळेत जाऊन दिवे काय लावणार’ अशा विचाराचे आईबाप, त्यामुळे शाळा नाही, अक्षर नाही, आणि शाळेत शिकवतात त्या खुणाही नाहीत. मग या दोघींनी आपली आपणच एक बोली तयार केली. हात, भुवया, खांदे, गाल, सगळं त्यात बोलायचं. बाप म्हणजे मान खाजवणं, कारण तो सदा खाजवायचा. दूधवाला म्हणजे एक डोळा बारीक करणं, कारण लहानपणी दूध घालणारा चकणा होता. पुढे कितीही सरळ डोळ्यांचे दूधवाले आले तरी खूण तीच. रुसवा, थट्टा, गावभरच्या चुगल्या, सगळ्याला खुणा होत्या. ही बोली येणारी माणसं जगात दोनच. आईला अर्धीमुर्धी यायची, पण ती जाऊनही आता जमाना झाला होता.

पेंटरला इतक्या वर्षांच्या संसारात सहा खुणा आल्या. जेवण, पाणी, ये, नको, पैसे, झोप. संसार तेवढ्यावर चालतो. गप्पा चालत नाहीत.

थोरली दुसऱ्या गावी राहायची. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. किराणा दुकानाच्या वर एक खोली होती, त्या खोलीच्या खिडकीत बसून ती शिलाईच्या कारखान्यासाठी शर्टांना काज-बटणं करायची. ‘इकडे येऊन राहा’ असं धाकटीने तिला कितीदा विनवलं, पण थोरली नाक उडवायची. बहिणीच्या संसारात अडगळ होऊन राहायची नव्हती तिला. जायचं म्हटलं की दिवस मोडायचा, त्यामुळे दोघींची भेट वर्षाकाठी एखादी. बाकी वर्षभर धाकटी गप्प असायची. ती गप्प असते हे पेंटरला ठाऊक नव्हतं. ऐकू न येणारं माणूस गप्पच असतं असा त्याचा समज.

घरात नेट आलं तेव्हा पेंटरने आपला जुना फोन बायकोला दिला आणि तसलाच एक थोरलीला पाठवला. किराणावाल्याने वर जाऊन तिथली जोडणी करून दिली. पत्र्याचा एक स्टँड कापून पेंटरने ओट्यावरच्या भिंतीत ठोकला, त्यात फोन बसवला आणि कॉल लावला. पडद्यावर थोरली दिसली. धाकटीने तोंडावर हात ठेवला, मग दोन्ही हात सुटले ते थांबेचनात. पेंटर दारात उभा राहून बघत होता. त्या दिवशी त्याचा भाव घरात भलताच वधारला. भाजीसुद्धा त्याच्या आवडीची झाली.

आपण बोलतो, मग ‘बरं, ठेवू का?’ म्हणतो आणि ठेवतो. या दोघींच्या बोलीत ‘ठेवू का’ला खूणच नव्हती. सकाळी एकदा कॉल लागला की दिवे मालवेपर्यंत तो लागलेलाच. इकडे धाकटी कणीक मळतेय, तिकडे थोरली बटणं लावतेय. मध्येच एकीने मान वर करायची, दुसरीने भुवई उडवायची, पुन्हा आपापलं काम. तासन्‌तास एक खूणही व्हायची नाही. पण दोघी एकमेकींच्या नजरेसमोर असायच्या, आणि त्यांच्या लेखी बोलणं म्हणजे तेच होतं.

त्याचा एकदा उपयोगही झाला. एका दुपारी धाकटी धावत पुढच्या खोलीत आली आणि पेंटरला बाहीला धरून ओढत ओट्यापाशी घेऊन गेली. पडद्यावर थोरली भिंतीला टेकून घसरत खाली बसली होती, चेहरा घामाने डबडबलेला. पेंटरने किराणावाल्याला फोन केला. तो वर धावला, पाठोपाठ डॉक्टर आला. गोळ्या सुरू झाल्या. ‘वेळेवर कळलं म्हणून निभावलं,’ असं डॉक्टर म्हणाला. पेंटरनेच हे दहा जणांना सांगितलं, आणि सांगताना फोन आपण दिला हे सांगायला विसरला नाही.

माणसाची स्मरणशक्ती मोठी सोयीची असते. सहा महिन्यांत तो हे विसरला.

कारण नेट मान टाकत होतं. महिना निम्मा झाला की फाइल जाता जायची नाही. कॉम्प्युटरवरचं चक्र गरगर फिरत राहायचं आणि छापखान्यातून फोन यायचा, “पेंटर, पाठवताय ना?” पेंटरने आधी वरच्या मजल्यावरच्या मास्तरांना धरलं. मास्तर आपलं नेट चोरतात हे त्याने मनाशी पक्कं केलं. पासवर्ड बदलला. पुन्हा बदलला. मग जिन्यात गाठून म्हणाला, “मास्तर, शेजारधर्म म्हणून सांगतो, दुसऱ्याच्या ताटात हात घालू नये.” मास्तरांना बिचाऱ्यांना वाटलं, हा जेवणाचं काहीतरी बोलतोय. दोघांची बोलाचाली बंद झाली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा.

शेवटी कंपनीचा जोडणीवाला आला. पिकल्या मिशांचा, थकलेला माणूस. त्याने पेटी बघितली, तारा बघितल्या, फोनवर काहीतरी तपासलं.

“पेटीला काही झालं नाही, पेंटर. तुमचा महिन्याचा डेटा संपलाय.”

“संपलाय म्हणजे? नेट तर चालू दिसतंय.”

“महिन्याला ठरलेला डेटा मिळतो. तो संपला की नेट बंद पडत नाही, पण रांगायला लागतं. पहिल्या तारखेला पुन्हा भरून येतो.”

“आणि एखाद्या महिन्यात कमी वापरला तर? उरलेला पुढे मिळतो?”

“छे. उरला तो गेला. महिना पालटला की पाटी कोरी.”

“पण आम्ही वापरतो तरी किती हो? मी फाइली पाठवतो, बस्स. सिनेमे नाहीत, गाणी नाहीत. या घरात गाणी ऐकणार कोण?”

जोडणीवाला पाणी मागायला स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. “हा कॉल कधीपासून चालू आहे?”

“तो ना? तो सकाळपासून असतो. पण त्याचं काही नाही. दोघींना ऐकू येत नाही, बोलता येत नाही. बिनआवाजाचा कॉल आहे तो.”

जोडणीवाला हसला नाही, हे त्याचं मोठेपण. “आवाज उंदराएवढं खातो, पेंटर. चित्र हत्तीएवढं खातं. त्या बोलोत, न बोलोत, नुसत्या बसून राहोत, चित्र जातंय तोवर तुमचा डेटा जातोय.”

पेंटरला घेरीच यायची राहिली. ज्यात कोणी काही बोललंच नाही, त्याचा खर्च कसला? त्याने मोठी योजना मागितली, तर जोडणीवाला म्हणाला की या लाइनवर हीच सगळ्यांत मोठी, नवी लाइन कधी येईल ते वरच्यांनाच ठाऊक. जाताना त्याने पेंटरच्या फोनवर एक हिरवी पट्टी दाखवली. ती जेवढी उरली तेवढा डेटा उरला. मास्तरांची माफी मागायला पेंटर गेला नाही, पण जिन्यात नमस्कार करायला लागला.

आता हे बायकोला सांगायचं कसं? महिना, डेटा, पट्टी, यातलं काही त्या सहा खुणांत बसत नव्हतं. तिला नीट समजावून सांगू शकेल असं माणूस एकच होतं, आणि ते त्या कॉलच्या पलीकडे बसून बटणं लावत होतं. पेंटरने मग माळ्यावरून रंगाचा जुना डबा काढला, त्यात पाणी भरलं, रुंद ब्रश बुडवून भिंतीवर फराटे मारले आणि डबा रिकामा होताना दाखवला. मग फोनकडे बोट केलं. मग बारीक ब्रशाने दोन रेघा ओढून भरलेला डबा दाखवला. धाकटी बघत राहिली. तिचा स्वतःचा डबा होता तो, ब्रशही तिचेच. तिने मान हलवली. मग पडद्याकडे वळून बहिणीला काहीतरी सांगितलं आणि दोघी इतक्या हसल्या की थोरलीच्या मांडीवरचा शर्ट खाली पडला.

पेंटरने ठरवलं: सकाळी थोडा वेळ, संध्याकाळी थोडा वेळ. बायकोने कबूल केलं. सकाळचं बोलणं झालं की ती फोन भिंतीकडे तोंड करून ठेवायची. दार लोटून घ्यावं तसं. पण पट्टी तरीही घटतच होती, कारण फोन भिंतीचं चित्र थोरलीला दिवसभर दाखवत होता, आणि थोरली ती भिंत बघत बटणं लावत होती. तेव्हा पेंटरने बायकोचं बोट हातात धरून पडद्यावरच्या लाल गोलावर टेकवलं. दाबलं की बंद. तिच्याकडून पुन्हा पुन्हा करून घेतलं. तिला ते आवडलं नाही. तो गोल दाबला की बहीण एकदम नाहीशी व्हायची, आणि दर वेळी धाकटी दचकायची.

ती शिकली, पण थोरलीला कोण शिकवणार? ती पुन्हा लावायची. धाकटीचा फोन उजळायचा, आणि उजळला की ही घ्यायची. मग पेंटर दिवसा बायकोच्या फोनचं नेटच बंद करून ठेवायला लागला. संध्याकाळी स्वतःच्या हाताने चालू करून द्यायचा. याला तो शिस्त म्हणायचा.

आणि शिस्तीचं फळ दिसलं. महिना सरत आला तरी पट्टी निम्म्याच्या वर हिरवी. पेंटर खूश झाला. उठल्यावर पट्टी, जेवल्यावर पट्टी. आलेल्या गिऱ्हाइकालाही फोन पुढे करून दाखवायचा, “बघा, काटकसर याला म्हणतात.” उरलेलं पुढच्या महिन्यात मिळत नाही, हे जोडणीवाल्याने त्याला स्वच्छ सांगितलं होतं. पण साठवायची गोडी लागली की माणूस कशासाठी साठवतो हे विचारत नाही. धाकटी दिवसातून कितीदा तरी येऊन त्याची बाही ओढायची, दोन बोटं आपल्या डोळ्यांपासून फोनकडे न्यायची. बघू दे. पेंटर हात हलवायचा. नको. ती खूण त्याला येत होती.

महिना संपत आला होता त्या दिवसांतली गोष्ट. एका नव्या शाळेच्या सगळ्या पाट्यांचं काम आलं होतं आणि फाइल त्याच दिवशी जायला हवी होती. सकाळचा कॉल लांबला. धाकटी लाल गोल दाबेना. पेंटर आत गेला, पडद्याकडे बघितलंही नाही, दाबून टाकला आणि फोनचं नेट बंद केलं. धाकटीने त्याची बाही धरली. मूठ छातीवर ठेवली आणि हळूच उघडली. ही खूण त्याला येत नव्हती. तिने पुन्हा केली, जरा जोरात. मग बाहेरच्या दाराकडे बोट केलं, त्याच्या खिशातल्या फोनकडे केलं, पुन्हा छातीवर मूठ. पेंटरला वाटलं, हट्ट. त्याने बाही सोडवून घेतली, हात हलवला आणि पाट्यांकडे गेला. दुपारी ती पुन्हा आली. तो खेकसला. तिला ऐकू गेलं नाही, पण तोंड दिसलं. ती परत गेली आणि त्या काळ्या पडद्यासमोर उभी राहिली.

फाइल भराभर गेली. पेंटरला समाधान वाटलं.

संध्याकाळी त्याने नेहमीप्रमाणे फोनचं नेट चालू केलं आणि धाकटीच्या हातात दिला. क्षणभर काही झालं नाही. मग थोरलीचा छोटा फोटो वर आला. कॉल येऊन गेल्याची खूण. त्याच्याखाली आणखी एक. आणखी एक. दिवसभर अडकून पडलेले ते सगळे एकामागून एक खाली ओघळायला लागले. प्रत्येकात तोच फोटो, मान तिरकी करून हसणारी थोरली. धाकटीने कॉल लावला. पलीकडे कोणी घेतला नाही. पुन्हा लावला. पेंटरने खिशातला फोन काढून किराणावाल्याला लावला.

किराणावाला वर गेला, दार ठोठावलं. ठोठावून उपयोग नव्हता, हे नंतर त्याच्या लक्षात आलं. दार फोडलं. थोरली खिडकीत बसलेली होती. मांडीवर शर्ट, हातात फोन.

“दुपारीच गेल्या म्हणतो डॉक्टर,” किराणावाला फोनवर सांगत होता. “एकदम नाही गेल्या, बराच वेळ त्रास काढला असणार. मागच्यासारखं लगेच कळलं असतं तर वाचल्या असत्या, म्हणाला. मी दिवसभर खालीच होतो हो, पेंटर. काही झालं तर तुम्ही लगेच फोन कराल, म्हणून मी निर्धास्त होतो.”

समोर बायको उभी होती आणि त्याच्या तोंडाकडे बघत होती. तिला सांगायला त्याच्याजवळ खूण नव्हती. जेवण, पाणी, ये, नको, पैसे, झोप. त्याने दोन्ही हात जोडून गालाखाली धरले. झोप. ती बघत राहिली. मग तिला कळलं.

दोघं तिकडे जाऊन आली, करायचं ते करून आली. परत आल्यावर धाकटी पूर्वीसारखीच उठायची, ओटा पुसायची, त्याच्यापुढे ताट ठेवायची. फक्त तिचे हात कामापुरते हलायचे आणि काम झालं की मांडीत जाऊन पडायचे. त्या घरात कधी आवाज नव्हता, तरी आता शांतता झाली होती. आणि तेव्हा पेंटरला कळलं की त्याच्या स्वयंपाकघरात दिवसभर किती बोलणं चाललेलं असायचं. त्याला ते हवं होतं. मास्तरांच्या घरातलं भांडण ऐकूनसुद्धा त्याला रडू यायचं.

त्या महिन्याची उरलेली हिरवी पट्टी गेली. पहिल्या तारखेला कंपनीचा निरोप आला की तुमचा संपूर्ण डेटा पुन्हा उपलब्ध आहे. पुढच्या महिन्यातही आला. फाइली आता सर्रकन जायच्या. छापखानेवाला म्हणाला, “पेंटर, नेट एकदम झकास झालं की तुमचं!” पेंटरने फोन ठेवला आणि कॉम्प्युटरसमोर डोकं टेकून बसला. आपण ते बोट लाल गोलावर का टेकवलं, आपण ते नेट का बंद केलं, हे तो स्वतःला विचारायचा, आणि त्याचं उत्तर इतकं क्षुल्लक होतं की ते स्वतःशी म्हणायचीही त्याला लाज वाटायची.

एकदा तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. मूठ छातीवर ठेवली, हळूच उघडली आणि भुवया उंचावल्या. म्हणजे काय? हे विचारावं असं माणूस जगात आता एकच उरलं होतं. तिने त्याच्या मुठीकडे बघितलं आणि तोंड फिरवून भांडी घासायला घेतली. दुसऱ्या कोणाचं असतं तर पेंटरच म्हणाला असता, बैल गेला आणि झोपा केला.

तरीही त्याच्या मनात एक आलं. फोन अजून ओट्यावरच्या पत्र्यात होता, त्याला कोणी हात लावला नव्हता. एका सकाळी पेंटरने पुढच्या खोलीत आपला फोन रंगाच्या डब्याला टेकवून उभा केला, आपण नीट दिसतोय ना ते बघितलं, आणि बायकोला कॉल लावला. दिवसभर चालू ठेवायचा, असं त्याने ठरवलं होतं. खाऊ दे हत्तीएवढं. रोज संपू दे. आपण इथे पाट्या काढू, ती तिथे कणीक मळेल, मध्येच मान वर करून बघू.

आत ओट्यावर उजेड पडला. धाकटी इतकी झपाट्याने वळली की हातातलं भांडं खाली पडलं. ओले हात पदराला पुसत तिने कॉल घेतला आणि तिचा चेहरा पेंटरच्या समोर आला. उजळलेला. मग त्याला बघून तो विझला.

पेंटरने हात वर केला. काय म्हणावं? सहाही खुणा त्याने मनात उलटून बघितल्या, एकही कामाची नव्हती. शेवटी त्याने दोन बोटं आपल्या डोळ्यांपाशी नेली आणि तिथून फोनकडे आणली. बघू दे.

तिचा हात हळूहळू वर आला, तसा पेंटर पुढे सरकून बसला. त्याला वाटलं, ती काहीतरी सांगणार. काहीही सांगू दे, शिव्या देऊ दे, नाही कळलं तरी चालेल.

तिने एक बोट पुढे केलं आणि लाल गोल दाबला. या वेळी ती दचकली नाही.